आधी खोली, मग प्रोजेक्टर

श्टुटगार्ट,
८ मार्च २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खोलीची मापं आणि फोटो मिळाले. वरच्या मजल्यावरची मधली खोली, १४ फूट लांब, ११ फूट रुंद, स्लॅब साडेनऊ फुटांवर, खिडकी एकच आणि तीही पूर्वेची. खोली चांगली आहे. ‘कुठला प्रोजेक्टर घेऊ’ असं तू विचारलंस, त्याचं उत्तर देतेच, पण आधी खोलीचं बोलू. खोली बिघडलेली असेल तर महागडं यंत्रसुद्धा फिकटच दिसतं, आणि खोली नीट असेल तर मधल्या किमतीचं यंत्र डोळ्यांचं पारणं फेडतं.

एवढं करून बघ. दुपारी दिवे बंद कर, पडदे ओढ आणि ज्या भिंतीवर चित्र पाडायचं आहे तिच्याकडे बघ. ती जेवढी काळोखी दिसेल, तेवढाच त्या वेळी सिनेमातला काळा रंग काळा दिसणार. प्रोजेक्टर उजेड टाकतो, काळोख टाकू शकत नाही. म्हणून खिडकीला साधा पडदा पुरायचा नाही. मागून रबरी अस्तर असलेलं जाड कापड घे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेव आणि वरच्या फटीसाठी लाकडी पेटी करून घे. वरचा झरोका प्लायने बंद होईल असा सुताराकडून करून घे. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे, ११ जून ते १९ जुलै. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असल्यामुळे आपल्याकडे बरेचसे मध्यरात्री आणि पहाटे दिसतील. पेठेतली सगळी पोरं तुझ्याकडे जमणार हे मला इथून दिसतंय. पहाटेच्या सामन्याला पूर्वेची खिडकी उघडी राहिली तर सहानंतर चेंडू शोधावा लागेल.

दुसरा उजेड सिनेमाच्या पडद्यावरूनच येतो. चित्राचा उजेड पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटून परत पडद्यावर पडतो आणि काळा रंग धुवून काढतो. पडद्यालगतचं पाच फूट छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तेवढ्याच अंतरापर्यंत गडद रंगवून घे. वहिनींना काळा रंग नको असणार, तर गडद करडा किंवा गडद निळाही चालतो, फक्त रंग मॅट हवा. ऑइलपेंट किंवा चकाकणारा इमल्शन नको, तो आरशासारखा उजेड फेकतो. या कामाला प्रोजेक्टरच्या मानाने किरकोळ पैसे लागतात आणि फरक सगळ्यांत जास्त पडतो.

आता पडद्याचा आकार. ११ फुटांच्या भिंतीवर १०० इंची पडदा घे. त्याची रुंदी २२१ सेंटिमीटर, म्हणजे ७ फूट ३ इंच, आणि उंची १२४.५ सेंटिमीटर, म्हणजे ४ फूट १ इंच. दोन्ही बाजूंना पावणेदोन फुटांहून थोडी जास्त जागा उरते, तिथे स्पीकर उभे राहतील. सोफा पडद्यापासून १० फुटांवर ठेवलास की पडदा डोळ्यांसमोर साधारण ४० अंशांत मावतो, सिनेमासाठी हे फार छान अंतर आहे. १२० इंचाचा मोह होईल, पण त्याच यंत्राचा उजेड जवळपास दीडपट जागेत पसरतो आणि चित्र तेवढं मंद होतं. खात्री करायची असेल तर ‘पुढारी’चे जुने अंक चिकटपट्टीने जोडून भिंतीवर ७ फूट ३ इंच बाय ४ फूट १ इंच असा चौकोन लाव आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून बघ.

आण्णांसाठी एक. त्यांना प्रभात फिल्म कंपनीचे आणि जयप्रभा स्टुडिओच्या जमान्यातले सिनेमे बघायचे आहेत. प्रभात १९२९ साली आपल्याच कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळच्या बोलपटांची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद असते, त्यामुळे तुझ्या पडद्यावर चित्र मधल्या साडेपाच फुटांत दिसेल आणि दोन्ही बाजू काळ्या राहतील. तो बिघाड नव्हे. कुणी रिमोटवर ‘स्ट्रेच’ करून चित्र ताणलं तर सगळी माणसं बुटकी आणि जाड दिसतील, तसं करू देऊ नकोस. हल्लीच्या रुंद सिनेमांत उलट होतं, वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात.

पंख्याकडे नीट लक्ष दे, कारण या खोलीतली खरी अडचण तीच आहे. पंखा खोलीच्या मधोमध, पडद्याच्या भिंतीपासून ७ फुटांवर आहे. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती ५ ते ९ फुटांपर्यंत फिरतात आणि स्लॅबच्या साधारण एक फूट खाली असतात. प्रोजेक्टर १० फुटांवर स्लॅबला चिकटवून टांगला तर त्याचा झोत थेट पात्यांतून जाईल आणि चित्र फडफडेल. तेव्हा प्रोजेक्टर अडीच फुटांच्या पाईपवर लोंबता ठेव, लेन्स जमिनीपासून ७ फुटांवर येईल अशी. मग झोत पात्यांच्या दीड फूट खालून जातो आणि चित्राची वरची कड लेन्सच्या दोन-तीन इंच खाली बसते. पाईप सोफ्याच्या वर येतो, त्यामुळे येता-जाता कुणाचं डोकं लागत नाही. पंख्याच्या हुकाजवळच स्टँडचे बोल्ट ठोकू नकोस. पंख्याची थरथर स्लॅबमधून यंत्रात उतरते आणि यंत्र केसभर हललं तरी पडद्यावरची अक्षरं नाचतात. जमलं तर मधला पंखा काढून बाजूच्या भिंतींवर दोन वॉल फॅन लावावेत असं माझं मत आहे.

आता यंत्र. पहिला आकडा थ्रो रेशोचा: लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तुझं अंतर १० फूट, म्हणजे १२० इंच, आणि रुंदी ८७ इंच, म्हणून १.३८. यंत्राच्या माहितीपत्रकात या आकड्याची मर्यादा दिलेली असते, समजा १.३ ते १.६. त्यात १.३८ बसला पाहिजे, आणि अगदी टोकाला नसला तर उत्तम, म्हणजे इंच-दोन इंच पुढे-मागे करायला वाव राहतो. दुसरी गोष्ट लेन्स शिफ्टची. या सोयीत लेन्सच वर-खाली सरकते आणि चित्र जागेवर बसतं. किस्टोन म्हणजे वाकडं चित्र आकडेमोडीने सरळ केल्यासारखं दाखवणं, त्यात पिक्सेल वाया जातात आणि कडा भुरकट होतात. दुकानदार ‘ऑटो किस्टोन आहे, कुठेही ठेवा’ म्हणेल. तू यंत्र सरळच बसव आणि किस्टोन शून्यावर ठेव.

ल्युमेन म्हणजे यंत्र टाकतं त्या उजेडाचं माप, आणि त्याच्याच आकड्यांत सगळ्यांत जास्त फसवणूक होते. सिनेमागृहाच्या पडद्यावरच्या तेजाचं प्रमाण ४८ निट असतं. १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर, अंधारात, तेवढा उजेड पडायला जेमतेम ४१५ ल्युमेन लागतात. पण खोक्यावरचा आकडा सगळ्यांत झगझगीत, हिरवट मोडचा असतो. रंग खरे दिसतील अशा सिनेमा मोडमध्ये तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो आणि दिवा म्हातारा झाला की त्याच्याही निम्म्यावर. म्हणून २५०० ल्युमेनचं यंत्र घेतलंस तर शेवटीसुद्धा ६०० च्या वर उरतात. आकड्यापुढे एएनएसआय किंवा आयएसओ, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजल्याची खूण, असली पाहिजे. ऑनलाइन जे पाच-सात हजारांत ‘९००० ल्युमेन, ४के सपोर्ट’ म्हणून मिळतात, त्यांचा खरा उजेड बऱ्याचदा दोन-तीनशे एएनएसआय ल्युमेन असतो आणि आतलं पॅनेल ७२० किंवा फार तर १०८० ओळींचं. ‘सपोर्ट’चा अर्थ एवढाच की ४केचा सिग्नल दिला तर यंत्र तो घेतं. तू ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे आतल्या पॅनेलवर प्रत्यक्षात ठिपके किती, ते विचार. चांगल्या कंपन्यांच्या ४के यंत्रांतही बऱ्याचदा चिप १९२० बाय १०८०चीच असते आणि तिचं चित्र अतिशय वेगाने सरकवून चौपट ठिपके काढले जातात, पण ते चित्र खरंच बारीक आणि सुंदर दिसतं, तिथे पैसे वाया जात नाहीत.

दोन जाती ध्यानात ठेव. डीएलपीमध्ये बारीक आरशांची एक चिप आणि बहुतेक यंत्रांत एक फिरतं रंगचक्र असतं. लाल, हिरवा, निळा एकामागून एक पडतात. काही लोकांना नजर झटकन फिरवली की पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्याची झाक दिसते आणि डोकं दुखतं. बाकीच्यांना काहीच दिसत नाही. म्हणून दुकानात वहिनींना आणि पोरांना घेऊन जा, काळ्या पडद्यावर पांढरी नामावली लावायला सांग आणि नजर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून बघा. एप्सनच्या यंत्रांत प्रत्येक रंगाला एक अशी तीन एलसीडी पॅनेल असतात, तिथे तिन्ही रंग एकदमच पडतात, ही तक्रार उद्भवत नाही. पण त्यांना हवेची जाळी असते आणि ती साफ ठेवली नाही तर धूळ आत जाऊन पडद्यावर अस्पष्ट हिरवा किंवा जांभळट डाग उमटतो. तुझ्या खोलीला मी तीन एलसीडीवालं, लेन्स शिफ्ट असलेलं, २५०० ल्युमेनच्या आसपासचं यंत्र सुचवेन.

दिवा की लेझर, ते वापरावर ठरव. साधा पाऱ्याचा दिवा पूर्ण उजेडात ४००० तासांच्या आसपास टिकतो, लेझर २०,००० तास. फक्त शनिवार-रविवार मिळून पाच तास बघणार असाल तर वर्षाला २६० तास होतात, दिवा पंधरा वर्षं पुरेल आणि लेझरचे जादा पैसे निघणार नाहीत. रोज तीन तास चालणार असेल तर दिवा चार वर्षांच्या आत बदलावा लागेल, मग लेझरच घे. दिवा बदलताना स्वस्तातला नकली बसवू नकोस, तो लवकर मंद होतो आणि कधी कधी आतच फुटतो. फुटलाच तर खिडक्या उघड आणि सगळ्यांना बाहेर काढ, कारण त्यात पारा असतो.

लाईट जाण्याचं बघावंच लागेल. दिव्याचं यंत्र बंद केल्यावर यंत्रातला पंखा काही वेळ फिरून दिवा गार करतो. मध्येच वीज गेली की ती उष्णता आतच कोंडते. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट घेतो, आणि यूपीएसवर लिहिलेल्या व्हीएच्या आकड्याहून वॅट बरेच कमी मिळतात, म्हणून ६०० व्हीएचा छोटा यूपीएस काठावरच बसतो. १००० व्हीएचा, ६०० वॅट देणारा घे. त्यावर सिनेमा पुरा होणार नाही, पण शांतपणे बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात.

वायरिंगचं काम रंगाच्या आधी करून घे. सोर्सच्या, म्हणजे जिथून सिनेमा लावायचा त्या प्लेअरच्या, कपाटापासून भिंतीवर ८ फूट, छताला १० फूट आणि पाईपमधून अडीच फूट, शिवाय वळणांसाठी आणि दोन्ही टोकांना भरपूर ढील, म्हणून १० मीटरची एचडीएमआय केबल. इतक्या लांबीत साध्या तांब्याच्या केबलवर ४केचा सिग्नल लुकलुकतो किंवा येतच नाही. ऑप्टिकल केबल घे. तिला दिशा असते. एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं, वायरमनने उलटी ओढली तर काहीच दिसत नाही. भिंतीतला वायरचा पाईप २५ मिलिमीटरचा टाक, आत एक ओढतार सोडून ठेव, आणि भिंत बंद करायच्या आधी केबल जमिनीवर पसरूनच चालवून बघ.

आवाज प्रोजेक्टरमधल्या स्पीकरवर सोडू नकोस. तो डोक्यावरून येतो आणि बोलणारं माणूस समोर असतं. एक साधा ॲम्प्लिफायर, पडद्याच्या खाली मधला स्पीकर आणि बाजूला दोन, एवढ्याने सुरुवात कर. ब्लूटूथ नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

पडद्याची घाई करू नकोस. पहिला महिना भिंतीवरच बघ. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाक, गिलाव्याचे उंचवटे लगेच दिसतील. पुट्टी मारून घासून पांढरा मॅट रंग दे. नंतर चौकटीवर ताणलेला पांढरा मॅट पडदा घे, गेन १.०चा (गेन म्हणजे पडदा उजेड किती परत फेकतो त्याचं माप). खाली ओढायचा स्वस्त पडदा वर्षभरात लाटा धरतो, आणि आपल्या पावसाळ्यात गुंडाळून राहिला तर त्यावर बुरशीचे ठिपके येतात.

जून ते सप्टेंबर यंत्र दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालव, म्हणजे आतला ओलावा निघून जातो. प्लॅस्टिकची पिशवी घालून बांधून ठेवू नकोस. लेन्सला धोतराचा सोगा किंवा ओढणी लावू नकोस. आधी हाताने दाबायच्या हवेच्या छोट्या पंपाने धूळ उडव, मग मायक्रोफायबरने अलगद पूस. स्वयंपाकघराचं दार बंद ठेव, रश्श्याच्या फोडणीचा तेलकट धूर जाळीवर बसला की धूळ त्यालाच चिकटते. धूप-उदबत्तीचंही तसंच. आणि सेटिंगमध्ये ‘हाय अल्टिट्यूड’ चालू नाही ना ते बघ. ते १५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी असतं, आपण ५७० मीटरवर आहोत. चुकून चालू राहिलं तर पंखा घोंगावत बसतो.

मी इथून घेऊन यावं असं आण्णा म्हणतात. नको. वॉरंटी बहुतेक कंपन्या देशापुरतीच देतात, इथल्या मॉडेलचा दिवा तिकडे मिळेलच असं नाही आणि कस्टमचा घोर वेगळाच. तिथेही गेल्या सप्टेंबरपासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत जिथे अंधाऱ्या खोलीत चालवून दाखवतील त्या दुकानातून घे. सर्व्हिस कोल्हापुरात होते की पुण्याला पाठवावं लागतं, आणि पाठवायचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घे. खोकं उघडलं की मेनूमध्ये दिव्याचे तास बघ. दोन-चार तासांच्या वर असतील तर तो डेमोचा नग आहे, परत कर. त्याच रात्री पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं चित्र लावून न जळणारे किंवा सतत जळणारे ठिपके बघ आणि चारही कोपऱ्यांत अक्षरं सारखी धारदार आहेत का ते तपास.

दोन मापं अजून हवीत: पंख्याच्या हुकापासून पडद्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने नक्की मोजून, आणि झरोक्याची लांबी-रुंदी. स्टँडच्या जागी स्लॅबमध्ये बीम येतो का तेही वायरमनला विचार. हे कळलं की बोल्ट कुठे मारायचे त्याचा आराखडा काढून पाठवते.

आई-आण्णांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण