तळ्यावरील संरक्षक जाळीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माशांच्या तळ्यासाठी विकलेली जाळी सदोष असल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

पुण्यातील आमच्या घरामागे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे सिमेंटचे तळे असून त्यात कोई जातीचे चौदा मासे होते. वंचक (बगळ्यांपैकीच एक छोटा पक्षी) आणि खंड्या यांच्या फेऱ्या वाढल्यामुळे मी ऑगस्टमध्ये आपल्याकडून नायलॉनची जाळी आणि सोबतचा प्लॅस्टिकचा बगळा असा संच २,८५० रुपयांना मागवला. आज तळ्यात सहा मासे आहेत.

वेष्टनावर भोकाचे माप २० मिलिमीटर छापले आहे. पट्टीने मोजता ते ५० मिलिमीटर भरले. ही खिडक्यांना लावतात तीच कबुतरांची जाळी आहे, हे हातात घेताच लक्षात यायला हवे होते, ती चूक माझी. उभी ताणली की ती आपले काम चोख करते; आडवी पसरली की मधोमध झोळ पडून पाण्याला टेकते. पाण्यापासून ती किती उंच बांधावी, याबद्दल सूचनापत्रकात एक अक्षरही नाही. परिणामी वंचक काठावर निश्चल उभा राहून भोकांतून चोच घालू लागला आणि बोटाएवढी सहा पिल्ले त्याने तशीच ओढून नेली. दोन मोठे मासे चोचीच्या जखमांनी नंतर दगावले.

प्लॅस्टिकचा बगळा पाहून खरे बगळे फिरकत नाहीत, असे आपण लिहिता. आमचा वंचक त्याच्या शेजारीच उभा राहत असे. मुठेच्या काठी हे पक्षी एकमेकांजवळ मासे टिपताना कोणालाही दिसतात.

याहून गंभीर बाब अशी की, २ सप्टेंबर रोजी एक छोटा खंड्या सूर मारताना या पारदर्शक दोऱ्यांत पंखांनी अडकला. कात्रीने दोरे कापून त्याला सोडवले, तो उडाला. हे दूरध्वनीवर कळवले असता आपल्या प्रतिनिधींनी ‘पक्षी अडकतो म्हणजे जाळी काम करते,’ असे उत्तर दिले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ असताना पक्ष्यांना पकडणे हे आपल्या मालाचे काम म्हणून सांगितले जावे, याचे मला आश्चर्य वाटते.

अखेर स्थानिक फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकटीवर बारीक वेल्डेड जाळी बसवून ती पाण्यापासून फूटभर उंच ठेवली, आणि मासे लपावेत म्हणून तळाशी सहा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले. तेव्हापासून एकही मासा गेलेला नाही.

त्यामुळे बदली जाळी नको. संचाची पूर्ण रक्कम परत करावी, वेष्टनावरील माप दुरुस्त करावे आणि सूचनापत्रकात जाळीची उंची व ताण यांचा स्पष्ट उल्लेख करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत बिलाची प्रत आणि जाळीवर पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
(सही)