चौघांना शून्य : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक शाळेतल्या चाचण्या आणि त्यानंतर होणाऱ्या कामाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. नोकरीला 21 वर्षं झाली. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडे, आणि माझे तिन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. हे पत्र कुणाविरुद्ध तक्रार म्हणून लिहीत नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका समोर घेऊन बसल्यावर जे दिसतं, ते तुमच्यापर्यंत पोचावं एवढ्यासाठी लिहिते आहे.

मागे तिसरीच्या गणिताच्या चाचणीत एक वजाबाकी होती. 52 मधून 27. माझ्या वर्गातल्या चार मुलांचं उत्तर चुकलं. एकाने जागा कोरीच ठेवली होती. एका मुलीने 35 लिहिलं होतं. तिसऱ्याचं उत्तर 79 आणि चौथ्याचं 26. उत्तरसूचीप्रमाणे चौघांना शून्य. मी शून्य दिलं, बेरीज केली, गुण मोबाईलवरून भरले आणि गठ्ठा बांधून कपाटावर टाकला.

संध्याकाळी मात्र ती चार उत्तरं डोक्यातून जाईनात. 79 लिहिणाऱ्याने बेरीज केली होती, त्याला चिन्ह दिसलं नव्हतं किंवा कळलं नव्हतं. 26 वाल्याला वजाबाकी येते, तो बोटं मोजताना एकाने चुकला. 35 लिहिणारी मुलगी सगळ्यात महत्त्वाची. तिने 5 मधून 2 वजा केले, 3 आले. मग 2 मधून 7 जात नाहीत म्हणून सरळ 7 मधून 2 वजा केले, 5 आले. मोठ्यातून लहान काढायचं हा नियम तिने स्वतःच बसवला होता आणि तो ती न चुकता वापरत होती. तिची वही मागे उलटून पाहिली तर हातच्याची प्रत्येक वजाबाकी तिने अशीच केलेली. कोऱ्या जागेबद्दल मात्र त्या मुलाजवळ बसल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं.

चौघांचा आजार वेगळा, औषध वेगळं आणि कागदावर चौघे सारखेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला काड्या दिल्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबर लावून, आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या 27 मला दे. तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे बघत विचारलं, "बाई, रबर काढू का?" त्या एका प्रश्नात तिचा हातचा सुटला. दशक सुटा करायचा असतो हे मी तिला दोन महिने फळ्यावर सांगत होते. तिला ते कळलं रबर काढताना. यात जेमतेम वीस मिनिटं गेली.

महोदय, माझं सगळं म्हणणं या वीस मिनिटांबद्दल आहे. चाचणी झाल्यावर ती मिळण्याची सोय आज कुठल्याच वेळापत्रकात नाही.

असंच एक उदाहरण मराठी शाळांमध्ये वर्षानुवर्षं दिसतं. अंकलेखनात 'एकोणचाळीस' सांगितलं की निम्मा वर्ग 49 लिहितो. मूल ऐकतं 'चाळीस', म्हणून 4 मांडतं, आणि 'एकोण' म्हणजे 9 हे पाठ असतं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं गेलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला. डॉ. मंगला नारळीकर विषय समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी मुलांची हीच अडचण समजावून सांगितली होती. त्यांच्या उपायाबद्दल दुमत असू शकतं. पण त्या चुकीकडे पाहून विचार करत होत्या, आणि राज्यभर चर्चा झाली ती मराठीच्या अस्मितेची. मुलाची चूक बाजूलाच राहिली.

मूल्यमापन बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मला ते मनापासून पटलं होतं, आजही पटतं. पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे वर्षभराच्या कामाला, 70 गुण आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीला, 30; म्हणजे मूल वर्षभर काय करतं त्याला जास्त किंमत. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम अशी आठ साधनं. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. पुढे काय झालं? नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो', 'कविता तालासुरात म्हणते' अशी वाक्यं चाळीस-चाळीस मुलांपुढे उतरवली गेली. मीही उतरवली. तपासणीला येणारे साहेब रकाना भरला की नाही एवढंच बघत, आणि तीन वर्गांच्या सगळ्या विषयांच्या नोंदी लिहिताना मुलाकडे बघायला वेळ उरत नव्हता. ज्या नोंदीसाठी मुलाला निरखायचं, ती लिहिण्यापायीच निरखणं सुटलं.

मग जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या आल्या. 2023-24 पासून नियतकालिक मूल्यांकन, म्हणजे पॅट. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन, अशा वर्षाला तीन, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या. प्रश्नपत्रिका वाईट नसतात. काही प्रश्न तर फार विचारपूर्वक काढलेले असतात. पण पेपर झाला की तालुक्याच्या गटसाधन केंद्राचा निरोप येतो : अमुक तारखेपर्यंत गुण भरा, आपल्या केंद्राचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं, काम इतकं टक्के बाकी आहे. रेंजसाठी मी शाळेमागच्या टेकाडावर जाऊन गुण भरलेले आहेत. कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, मुलं कुठे अडली आणि तुम्ही पुढे काय केलं?

पुण्या-मुंबईला बसून राज्याचं चित्र दिसायला हवं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी राज्यातल्या प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण दरवर्षी तीनदा वर पाठवायची गरज नाही. निवडक शाळांची नमुना पाहणी पुरते. देशपातळीवरचं सर्वेक्षण तसंच होतं.

आता पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेबद्दल. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करायला बंदी होती. 2019 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारने या दोन वर्गांत परीक्षा घेऊन नापास करायची मुभा राज्यांना दिली, डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडे आदेश निघाला. 35 टक्के गुण मिळाले नाहीत तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. पालक खूश आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. आठवीतल्या पोराला दुकानाची पाटी वाचता येत नाही हे ज्या बापाने पाहिलं, तो परीक्षा मागणारच. 'ढकलपास' हा शब्द लोकांनी उगाच काढला नाही. मी परीक्षेच्या विरोधात नाही.

मला खुपतो तो मधला काळ. निकाल 1 मे च्या सुमाराला लागतो. लगेच सुट्टी. शाळा उघडते जूनच्या मध्यावर आणि त्याच सुमाराला फेरपरीक्षा. वर्षभरात जे आलं नाही ते आंब्याच्या दिवसांत, गुरांमागे फिरताना, कुणी न शिकवता कसं येईल? मार्गदर्शन करा असं सांगितलं जातं. कोणी, कुठे, कोणत्या खोलीत, याचं उत्तर मिळत नाही. आणि पाचवीत नापास झालेलं मूल पाचवीत अडलेलं नसतं. ते दुसरी-तिसरीतच अडलेलं असतं, 35 लिहिलं होतं तिथे. तेव्हा कुणी रबर काढायला दिलं असतं तर पाचवीत ही वेळ आली नसती.

2025 मध्ये वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवल्या. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन आणि पत्र्याची खोली याबद्दल पालक तेव्हा पुष्कळ बोलले आहेत, मी पुन्हा सांगत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. पॅटच्या प्रत्येक चाचणीनंतर शाळेला सलग तीन दिवस द्या. त्या दिवसांत प्रशिक्षण नको, बैठक नको, ऑनलाइन माहिती नको, मतदारयादीचं काम नको. शिक्षकाने उत्तरपत्रिका वाचाव्यात, चुका गटागटाने लावाव्यात आणि त्या-त्या मुलांना घेऊन बसावं. उत्तरसूचीसोबत नेहमीच्या चुकांची एक यादी पाठवा : 35 लिहिलं असेल तर मूल काय समजलं आहे, 79 लिहिलं असेल तर काय. अनुभवी शिक्षक ती एका आठवड्यात करून देतील. केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांनी टक्केवारीऐवजी एखादी उत्तरपत्रिका उघडून तिच्यावर बोलावं. आणि मुलाच्या सर्वांगीण प्रगतीची नोंद करणारं समग्र प्रगतीपत्रक आणताना आधी जुन्या संचिका आणि नोंदवह्या बंद केल्याचा आदेश काढा, नाहीतर त्याचंही 2010 सारखंच होईल. मला भीती त्याचीच आहे.

पाचवीच्या फेरपरीक्षेआधी किमान वीस दिवस पूर्ण वेळ शिकवणारा माणूस गावात द्या. ते जमत नसेल तर त्या मुलाला नापास करायचं थांबवा.

जाता जाता त्या मुलीबद्दल. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गावात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागतात, आणि आजी आजारी असल्यामुळे त्या वर्षी तीही निघाली. पहिली संकलित चाचणी तिने दिली होती, दुसरीच्या वेळी ती कोणत्या फडावर असेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपण शिक्षण हमी कार्ड देतो. मी ते भरलं आणि मागे एक कागद टाचला. त्यावर लिहिलं : हातच्याची वजाबाकी काड्यांनी येते, कागदावर अजून चुकते. एकोणतीस, एकोणचाळीस गोंधळते. वाचन चांगलं आहे, गोष्टीचं पुस्तक द्या.

तिच्या आईने तो कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. कारखान्याजवळच्या शाळेत तो कुणी उघडला का, हे मला कधीच कळलं नाही. त्या कार्डावरच अशा चार ओळींची जागा छापून द्याल का, आणि जिथे मूल दाखल होईल तिथल्या बाईंनी त्या वाचून खाली सही करायची असा आदेश काढाल का? येत्या दिवाळीआधी झालं तर माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका