रॉक अँड रोल म्हणजे कच्चा रॉक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रॉक संगीतावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. पण १९५०च्या दशकातल्या रॉक अँड रोलला त्यात रॉकचे अपरिपक्व रूप म्हटले आहे, ते मनाला लागले. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो हे कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-वादक काही पुढे येणाऱ्यांसाठी मांडव घालत नव्हते. त्यांचे संगीत नाचण्यासाठी होते आणि त्या कामात ते पूर्ण होते.

फरक आधी ठेक्यात ऐकू येतो. त्याआधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय नाच-संगीतात, मात्रेचे तीन भाग पडायचे, मधला बहुधा मोकळा सुटायचा, म्हणून लय झुलायची. १९५५ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात लिटल रिचर्ड ध्वनिमुद्रणाला बसला तेव्हा त्याचा उजवा हात पियानोवर सरळ, समान आघात करत होता. ड्रमवादक अर्ल पामर यांनी पुढे सांगितले, की रॉक अँड रोलचा ठेका आपल्याला त्या हाताशी जुळवून घेतानाच सापडला. चक बेरीच्या कितीतरी तबकड्यांत तर गिटार सरळ चालते आणि ड्रम झुलत राहतात. या ओढाताणीमुळेच पाय स्वस्थ बसत नाहीत. तबला ऐकत वाढलेल्या कानाला ही गंमत लगेच कळेल. साठीच्या दशकाअखेरच्या रॉकमध्ये हा झोका बराचसा गेला; वजन आले.

वाद्येही बदलली. न्यू ऑर्लिन्सच्या त्या तबकड्यांत पुढे असतात पियानो आणि सॅक्सोफोन. १९५४ साली मेंफिसमध्ये गायक एल्व्हिस प्रेस्लीने 'दॅट्स ऑल राइट' गायले तेव्हा तर ड्रमच नव्हते; त्याचा साथीदार बिल ब्लॅक याने उभ्या बासच्या (मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याच्या) तारांवर थापा मारून ताल धरला. नंतर मोठे अँप्लिफायर आले, फाटक्या आवाजाची गिटार मध्यभागी आली, आणि ज्यूकबॉक्समधल्या (नाणे टाकून गाणे लावायच्या यंत्रातल्या) अडीच मिनिटांच्या तबकडीऐवजी एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, हे कलाकृतीचे माप झाले. लोक बसून ऐकू लागले. ते संगीत मलाही प्रिय आहे. पण त्याची फूटपट्टी आधीच्याला लावली, की ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी हे घडवले ते प्रस्तावनेपुरते उरतात, आणि मुख्य प्रकरण त्यांच्याकडून शिकलेल्या गोऱ्या ब्रिटिश मुलांचे होते. हा अन्याय मराठी वाचकापर्यंत तरी जाऊ नये.

लेखात क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे (१९७५) कौतुक आहे, ते योग्यच. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे नाचायला नाही. पण ते रचणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. तिथल्या मुलांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, आणि लिटल रिचर्ड नि फॅट्स डॉमिनो यांची गाणी हे त्यांचे खाद्य होते. १९७९मध्ये, क्वीन जगप्रसिद्ध झाल्यावर, त्याने 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' लिहिले: छोटेसे, थेट पन्नाशीच्या दशकातल्या चालीचे.

लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असे दिसते. त्यात गिटारवादकांच्या यादीआधी अर्ल पामर आणि सॅक्सोफोनवादक ली ॲलन यांच्यासाठी एक परिच्छेद राखावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली