सिकलसेलच्या बातमीत समाजाचं नाव कसं यावं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

19 जूनच्या जागतिक सिकलसेल दिनानिमित्त आपल्या नागपूर आवृत्तीत एक बातमी आली. मथळ्यात एका समाजाचं नाव आणि पुढे 'सिकलसेलच्या विळख्यात'. खाली आकडे, अधिकाऱ्यांचं एक वाक्य आणि तपासणीचं कार्ड हातात धरून उभ्या असलेल्या शाळकरी मुलींचा फोटो. आकड्यांबद्दल तक्रार नाही. मथळा आणि फोटो मात्र खटकले. ते का, हे जरा सविस्तर लिहिते.

मी सामाजिक मानसशास्त्राची अभ्यासक आहे. हे सांगितलं की नागपुरात हमखास विचारतात, "म्हणजे पागलखाना चौकाकडे का?" तसं नाही. माणूस स्वतःला कोणात मोजतो, दुसरे त्याला कोणात मोजतात आणि त्याचा त्याच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. विदर्भात हा विषय शिकायला सिकलसेलइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

आधी वैद्यकीय बाजू, थोडक्यात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंगात वेदनेचे झटके येतात. आईवडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलं तर मूल रुग्ण होतं, एकाकडूनच आलं तर वाहक. वाहकाचं आयुष्य जवळपास सगळ्यांसारखंच जातं, आणि वाहक पुढे कधी रुग्ण 'होत' नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. हे जनुक टिकलं ते मलेरियामुळे. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे ते जास्त, आणि आपल्याकडे लग्नं जातीतच होत असल्याने ते ठरावीक समाजांत साठून राहिलं. इतर समाजांतही वाहक सापडतात, ओबीसींतही. पण तिथे कोणी शोधायला जात नाही, आणि ते स्वतः तर नाहीच जात. "आमच्यात नसते ते," असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला अगदी ठामपणे सांगितलं होतं. आपल्या मथळ्याने त्यांच्याच म्हणण्यावर शिक्का मारला.

म्हणजे एका मथळ्याने दोन्हीकडचे लोक तपासणीपासून लांब जातात. ज्यांचं नाव घेतलं ते लाजेने, आणि ज्यांचं घेतलं नाही ते बेफिकिरीने.

त्यातल्या लाजेबद्दल जास्त लिहायला हवं. तपासणीची गाडी वस्तीत आली की शेजारच्या वस्तीला लगेच कळतं ती कुठे थांबली. उत्तर नागपुरात एका आईने माझ्यासमोर आशाताईंचा हात धरला होता: "ताई, पोरीचं लगन व्हायचं हाये, तिचं नाव नका लिहू." मुलगी फक्त वाहक होती. आईला वाहक आणि रुग्ण यातला फरक माहीत होता, तिने मलाच तो नीट समजावून सांगितला. पण फरक आपल्याला कळून काय उपयोग, मुलाकडच्यांना कळला पाहिजे ना, हा तिचा मुद्दा. माहितीचा अभाव, अज्ञान, अंधश्रद्धा हे शब्द आपण अशा वेळी फार सहज वापरतो. ती बाई अज्ञानी नव्हती. तिचा हिशेब अचूक होता.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलामुळे होतो, हे 1949 मध्ये दाखवणारे लायनस पॉलिंग. नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस. 1968 मध्ये त्यांनी लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडायच्या आधीच सावध होतील. हेतू चांगलाच होता! पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या तपासण्यांची लाट आली, काही राज्यांत तर कायद्याने सक्ती झाली. वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ झाली, धडधाकट माणसांना नोकरीत आणि विम्यात त्रास झाला. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना 1981 पर्यंत बंद होते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात तर प्रयोगच झाला. गावात जवळपास पाव लोक वाहक. सगळ्यांची तपासणी केली, समुपदेशन केलं, आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं. वाहकांना गावात कमीपणा आला होता, काहींनी लग्न जुळवताना ते लपवलं होतं, आणि वाहकांची आपापसातली लग्नं काही घटली नव्हती. सर्व माहिती हातात असूनही.

आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य, तपासणीच्या निकालाची रंगीत कार्डे. मी या अभियानाच्या बाजूची आहे. पण कार्ड लग्नाआधी दाखवायचं की कपाटाच्या तळाशी दडवायचं, हे घरात ठरतं, आणि घर चारचौघांकडे बघून ठरवतं. वर्तमानपत्र त्या चारचौघांतलंच एक.

आता कोणी म्हणेल, मग समाजाचं नाव लिहूच नये का? माझं तसं म्हणणं नाही. ते नाव पुसून टाकणं उलट घातक ठरेल. या आजाराकडे इतकी वर्षं दुर्लक्ष झालं ते ज्यांना तो होतो त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं म्हणूनच, आणि नागपुरात कार्यकर्त्यांनी, पालकांनी हा प्रश्न रेटला तो आपल्या लोकांचा प्रश्न म्हणून. तो अभिमानाचा भाग आहे. नाव घ्या, पण ते का घेतलं हे त्याच परिच्छेदात सांगा: मलेरिया, जातीतली लग्नं, उपचारांपासून दूर ठेवलं जाणं. नुसता 'विळखा' म्हटलं की दोष रक्तात असल्यासारखा वाटतो.

आणि ओळख नेहमी त्रासच देते असं नाही, हे माझ्या विषयातलं सगळ्यात आनंदाचं संशोधन आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी, म्हणजे व्रत घेतलेले भाविक, महिनाभर राहतात: कडाक्याची थंडी, पहाटेचं गार पाण्यात स्नान, गर्दी, रात्रंदिवस भोंगे. डॉक्टरच्या हिशेबाने आजारी पडायलाच हवेत. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी 416 कल्पवासींची आणि घरीच राहिलेल्या 127 जणांची तुलना केली. ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. मेळा संपून महिना झाल्यावर कल्पवासींनी आपली तब्येत घरी राहिलेल्यांच्या तुलनेत सुधारल्याचं सांगितलं. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, रक्ताचा अहवाल नव्हे, हे मान्य. तरी 'आपण सगळे एक' या भावनेचा आधार तब्येतीला मिळतो, हे त्यातून दिसतं.

सिकलसेलच्या ओपीडीबाहेर बसलं की याचं छोटं रूप दिसतं. वेदनेचा झटका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे घरी आणि शाळेत "नाटकं करते" हे ऐकून कंटाळलेली मुलं इथे एकमेकांना विचारतात, कुठे दुखतं, पाठीत की पायात? मे महिन्याच्या उन्हात घरून निघताना पाण्याच्या किती बाटल्या घ्यायच्या, डिसेंबरच्या थंडीत सकाळची शिकवणी कशी टाळायची, झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकू नये म्हणून मोबाइलवर गजर कसा लावायचा, हे एक जुनी रुग्ण नव्याला सांगते तेव्हा तो ऐकतो. डॉक्टरांनीही तेच सांगितलेलं असतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला, पण प्रमाणपत्र काढायला अनेक जण कचरतात. गटातल्या एकाने काढलं की बाकीचे पाठोपाठ जातात. असा गट ही रुग्णांनी स्वतः निवडलेली ओळख आहे, मथळ्याने चिकटवलेली नाही.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी विनंती. मुलींचे चेहरे छापू नका. पालकांनी संमती दिली असली तरी ती मुलगी पंचविशीची होईल तेव्हा तो फोटो इंटरनेटवर असेलच. 'वाहक' आणि 'बाधित' हे एकाच आकड्यात मिसळू नका. तपासणीच्या गाडीसोबत फोटोग्राफर पाठवायचाच असेल तर धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या एखाद्या महाविद्यालयातही शिबिर घ्यायला लावा आणि तिथे पाठवा. आणि विळख्याच्या जागी एक चौकट द्या: सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी कुठल्या सरकारी दवाखान्यात होते, किती वाजेपर्यंत नमुना घेतात, ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी कुठे होते आणि अहवाल कोणाच्या हातात देतात. तो आईच्या हातात बंद पाकिटात देतात की सगळ्यांसमोर नाव पुकारून, हेसुद्धा आपल्या वार्ताहराने एकदा पाहून यावं.

आपली,
एक वाचक, नागपूर