खिडकीची दोरी

पासाडेना, कॅलिफोर्निया, रविवार

प्रिय बंड्या,

"त्या लाकडी खोपट्यात एवढं काय पाहिलंस?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी उगाच चिडलो. आता नीट लिहितो.

आमचं घर १९११ सालचं. पुढे खोल ओसरी, बुटके जाड खांब, खाली ओढ्यातले गोटे रचून केलेला चौथरा. वळचण हातभर पुढे आलेली आणि वाशांची टोकं उघडी. सांधा झाकायचा नाही, सुताराचा हात दिसला पाहिजे, असा क्राफ्ट्समन शैलीच्या, म्हणजे हातच्या कारागिरीला मानणाऱ्या, मंडळींचा हट्ट. त्यांच्यातला फर्निचरवाला गुस्ताव स्टिकली १९०१ ते १९१६ 'द क्राफ्ट्समन' मासिक काढायचा, त्यात चक्क घरांचे नकाशे छापून यायचे. अशा घराला इथे 'बंगलो' म्हणतात. गंमत म्हणजे 'बंगला' हा शब्द बंगालातून निघाला, इंग्रजांच्या बोटीतून इथवर आला. आपल्याकडे बंगला म्हटलं की श्रीमंती. इथे मात्र तो कारकुनाच्या, मास्तरच्या ऐपतीतलं घर झाला.

श्रीमंतांचेही आहेत म्हणा. वास्तुकार ग्रीन बंधूंनी १९०८ मध्ये साबणवाल्या गॅम्बल कुटुंबासाठी बांधलेलं घर इथून जवळच आहे. पुढे वारसांनी ते विकायला काढलं, तेव्हा बघायला आलेलं गिऱ्हाईक म्हणे आतल्या लाकडाला पांढरा रंग द्यायचं बोलत होतं. ते कानावर पडलं आणि विक्री रद्द. १९६६ मध्ये घर शहराच्या स्वाधीन झालं.

आमच्या घराला असं कान देणारं कुणी नव्हतं. जेवणघरातलं भिंतीतलं कपाट रंगाच्या थरांखाली गाडलं गेलं होतं. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून मास्क लावून, ओलं करून, एकच दार दोन शनिवार-रविवार खरवडलं. खालून डग्लस फर निघालं, मधाच्या रंगाचं. कडेवरची वर्षवलयं इतकी दाट की मोजताना डोळे दुखले. शेकडो वर्षं सावकाश वाढलेल्या झाडाचं लाकूड ते. आजच्या वखारीत तसं मागितलंस तर हसतील.

खिडक्यांवरून तर भांडणच झालं. विक्रेता म्हणाला, सगळ्या काढून प्लास्टिकच्या बसवा. अरे, पण त्याच्या खिडकीत दोन काचांमधलं सील गेलं की अख्खं तावदान टाकायचं. माझ्या खिडकीच्या चौकटीच्या पोटात दोरीला लोखंडी वजन लटकतंय. दोरी तुटली, नवी ओवली, खिडकी पुन्हा एका बोटाने वर. शंभर वर्षांनंतर दुरुस्त होतं, याहून आणखी काय मोल हवं तुला?

शिवाय आमची गल्ली 'बंगलो हेवन'मध्ये येते. १९८९ पासून हा भाग शहराने राखीव ठरवलाय. दर्शनी भागात मोठा फेरफार करायचा तर मंजुरी लागते. कधीकधी वैताग येतो, खोटं कशाला बोलू! पण कॅलिफोर्नियात १९७२ पासून मिल्स कायदा आहे. वारसाघर नीट राखण्याचा करार केला की मालमत्ता करात सूट मिळते. आमचे कागद अजून तयार व्हायचेत.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगता आली नाही. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या अल्टाडेनात आग लागली, नऊ हजारांवर इमारती गेल्या. नंतर तिकडे गेलो तर रस्त्यांवर नुसती धुराडी उभी. घर नाही, फक्त चूल. कित्येक चुलींवर अर्नेस्ट बॅचेल्डरच्या हातच्या मातीच्या फरशा होत्या. पासाडेनातच घरामागे भट्टी लावून त्याने सुरुवात केली होती. बुलडोझर यायच्या आत स्वयंसेवक राखेत उभे राहून त्या फरशा छिन्नीने एकेक सोडवत होते, घरमालकांना परत देण्यासाठी. मी अर्धा तास बघत उभा राहिलो. घरी आलो आणि ओसरीच्या खांबाला हात लावून बसलो. हस खुशाल.

आता काम. काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मला घरीच करायची आहे, खडूची पूड आणि जवसाचं तेल घालून. तुझे अप्पा वाड्याच्या खिडक्यांना लावायचे ती कधी भेगाळली नाही. प्रमाण किती, आणि तेल कच्चं घ्यायचं की उकळलेलं, एवढं त्यांना विचारून कळव. पावसाळ्याआधी हवंय; इथला पावसाळा थंडीत असतो.

तुझा,
मन्या