'नाही' म्हणणाऱ्या मेंटॉर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेंटॉरशिपमधल्या एका मुलाचा मी मामा. कॉलेजच्या फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून माझी सही आहे. मुलगा दापोलीचा, राहायला आमच्याकडे कळव्याला, इंजिनिअरिंगचं कॉलेज नवी मुंबईत. नावं कुणाचीच लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि हे पत्र भाच्याला वाचायला देऊनच पुढे पाठवतोय.

सेकंड इयरला तो तुमच्याकडे आला तेव्हा दोन केट्या, म्हणजे नापास होऊन राहिलेले विषय, पहिल्या सेमिस्टरच्या होत्या, एम-वन (पहिलं गणित) आणि मेकॅनिक्स. एक दुसऱ्या सेमिस्टरची, एम-टू (दुसरं गणित). पुढे डेटा स्ट्रक्चरही राहिला. घरी आम्हाला यातली एकच केटी माहीत होती. सकाळी तो कळव्याहून ठाण्याला जायचा, पण पुढची नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल रोज पकडायचाच असं नाही, हेही नंतर कळलं.

त्याला आधी भेटलेले शिक्षक वाईट नव्हते, उलट फार प्रेमळ होते. "बघू, करू काहीतरी" म्हणायचे. सबमिशन उशिरा घेतलं, हजेरीकडे कानाडोळा केला. पोरगं त्या 'बघू'वर वर्षभर तरंगत राहिलं. मेंटॉर-मेंटीचा, म्हणजे कुठल्या मार्गदर्शक शिक्षकाकडे कोणती मुलं याचा, तक्ता तर आता प्रत्येक कॉलेजात असतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला आकडा दाखवावा लागतो ना. त्या तक्त्यातला मेंटॉर खरोखर खुर्चीत बसलेला आम्ही पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या रूपात.

पहिल्याच भेटीत तुम्ही त्याला सांगितलंत, बुधवारी दोन वाजता वीस मिनिटं तुझी. चुकलास तर पुढचा बुधवार. फोन संध्याकाळी पाचपर्यंत, त्यानंतर नाही. "आणि रात्री फार वाईट वाटलं तर?" असं त्याने विचारलं. मला वाटतं त्या एका प्रश्नातून तुम्हाला सगळं समजलं असावं. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही १४४१६ लिहून दिलंत. टेलि-मानस, सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. मग म्हणालात, "मी गणित शिकवते. झोप न लागणं हा माझा विषय नाही, ज्यांचा आहे त्यांच्याकडे उद्या जायचं." आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या समुपदेशकांच्या दारापर्यंत स्वतः सोडून आलात.

आमच्या घरात यावर काय झालं ते सांगतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राचा, आणि ठाणेकर तो ऐकून ऐकून निर्ढावलेले. पण विनोद स्वतःच्या घरावर आला की कुणी हसत नाही. दापोलीहून भाऊजींचा फोन आला, "पोराला शिकायला ठेवलंय की वेड्याच्या डॉक्टरकडे?" तेव्हा तुम्ही मध्ये पडला असतात आणि भाऊजींना गोड बोलून समजावलं असतंत, तर आम्ही सगळ्यांनी ते काम कायमचं तुमच्यावरच ढकललं असतं. तुम्ही पडला नाहीत. भाच्यालाच वडिलांशी बोलावं लागलं. दोन वाक्यं बोलला, पण बोलला.

मग एप्रिलमध्ये ताई-भाऊजी हापूसची पेटी घेऊन थेट कॉलेजात आले. मी सोबत होतो. तुम्ही पाणी दिलंत, चहा मागवलात, आणि मुलाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. "तो अठरा पूर्ण आहे. लॅब संपली की येईल, त्याच्यासमोर बोलू." भाऊजींचा चेहरा मला अजून आठवतो. फी भरणारा बाप, आणि त्याला पोराच्या प्रगतीसाठी पोराची वाट बघायला लावणारी बाई! तो आला. तुम्ही त्याला म्हणालात, "काय सांगायचं ते तू सांग. चुकलं तर मी दुरुस्त करेन." त्याने चारही विषय एका दमात सांगितले. तुम्हाला एकही शब्द दुरुस्त करावा लागला नाही. भाऊजींनी मेडिकल सर्टिफिकेटचा विषय काढून पाहिला, कारण हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली होती. तुम्ही म्हणालात, "ज्या दिवशी खरंच आजारी होता, त्या दिवसांचं आणा." पेटी आमच्याबरोबर परत कळव्याला आली. आंबे चांगले निघाले, तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

ताई-भाऊजींना तुम्ही घातलेले बांध मला समजले. पण तुम्ही भाच्याच्या उत्साहालाही बांध घातलात, त्याचं मला जास्त कौतुक आहे. शरम वाटली की मुलं एकदम भीष्मप्रतिज्ञा करतात. याला त्या मे महिन्यात चौथ्या सेमिस्टरसकट चारही केट्या काढायच्या होत्या. तुम्ही डेटा स्ट्रक्चर खोडलंत. पहिली दोन सेमिस्टर पूर्ण सुटल्याशिवाय पाचव्यात प्रवेश नाही, म्हणून आधी ते तीन विषय. ८० पैकी ३२ लागतात, ३२ साठी काय काय यायला हवं ते मांड, असं म्हणून त्याच्याकडूनच जुने पेपर सोडवून घेतलेत. तो रुसला होता. मामीला म्हणाला, "मॅडमना माझ्यावर भरवसा नाही."

दोन सुटले, एम-टू राहिला. ड्रॉप लागला, म्हणजे पाचव्या सेमिस्टरचा प्रवेश हुकला. आमच्या नात्यातले एकजण लगेच 'वरपर्यंत ओळख' घेऊन हजर. भाच्याने त्यांना आमच्यासमोर सांगितलं, "मॅडम म्हणाल्यात अर्जाने काही होत नाही, पैसे घालवू नका." तुम्ही आधी कधी खोटा दिलासा दिला नव्हता, म्हणून हे वाक्य आमच्या घरात कुणी तपासून पाहिलं नाही. ड्रॉपमध्येही बुधवार चालू ठेवलात, तेवढीच वीस मिनिटं. हिवाळ्याच्या परीक्षेत एम-टू आणि डेटा स्ट्रक्चर दोन्ही निघाले. एम-टूला काठावर, हे लपवण्यासारखं नाही.

आता तो थर्ड इयरला आहे. समुपदेशकांकडे अजून महिन्यातून एकदा जातो, आणि भाऊजी "आज तुझा तो दिवस ना?" असं विचारतात. एवढ्यावर आम्ही खूश आहोत.

मनापासून आभार, मॅडम. एक विनंती मात्र आहे, आणि ती मी नव्हे, तो करणार आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला त्याला तुम्हीच गाइड हव्या आहेत. मी शब्द टाकावा असं त्याने सुचवून पाहिलं. मी म्हटलं, बुधवारी स्वतः विचार. तुमचे ग्रुप भरले असतील तर त्याला तसं सांगा.

आपला,
दापोलीच्या पोराचा कळव्याचा मामा