बाबा, ‘नंतर’ दाबण्याआधी हे वाचा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अपडेटच्या सूचनेवर तुम्ही रोज ‘नंतर’ दाबताय, असं आईने सांगितलं. ‘अपडेट केलं की जुना फोन बसतो, कंपन्या मुद्दाम करतात’ हे तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींचं मत. त्याच धास्तीने आईचा आयपॅडही तसाच ठेवलाय. फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगून हा विषय सुटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्राची प्रिंट काढा आणि हातात धरूनच एकेक गोष्ट करा.

तुमची शंका हवेतली नाही, हे आधी सांगते. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएस (आयफोन चालवणारी सिस्टिम) १०.२.१ हे अपडेट दिलं. आयफोन ६, ६एस आणि एसई यांची बॅटरी थकली असेल तर प्रोसेसरचा (फोनच्या मेंदूचा) वेग गरजेप्रमाणे खाली आणायचा, अशी सोय त्यात होती. ग्राहकांना ते स्पष्ट सांगितलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये, फोनचा वेग मोजणारं गीकबेंच बनवणाऱ्या कंपनीचे जॉन पूल यांनी लोकांच्या फोनांवरून जमलेले आकडे आलेखावर मांडले आणि एकाच मॉडेलचे बरेच फोन अपडेटनंतर खालच्या वेगावर उतरलेले दिसले. दोनच दिवसांत ॲपलने कबुली दिली, २८ डिसेंबरला माफी मागितली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून द्यायला सुरुवात केली. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा पडदा आणि हा वेग-लगाम काढायचा पर्याय आला. ग्राहकांना अंधारात ठेवलं म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला. इटलीने २०१८ मध्येच ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. सॅमसंगचं प्रकरण असं, की नोट ७ साठी तयार केलेली अँड्रॉइड आवृत्ती २०१४ च्या नोट ४ वर घ्यायचा आग्रह ग्राहकांना केला गेला.

म्हणजे धूर होता, आगही होती. पण वेग का कमी केला, ते नीट समजून घ्या. तुमच्या फोनचं उत्तर त्यातच आहे. सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो ना, तसंच फोनमध्ये होतं. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा आतला विरोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला (कॅमेरा उघडला, व्हिडिओ कॉल सुरू झाला) की व्होल्टेज खाली झुकतं, आणि फार झुकलं तर ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन पटकन बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून वेगाला लगाम घातला होता. नवी बॅटरी टाकली की त्याच फोनांचा वेग परत येत होता, सॉफ्टवेअर तेच असताना. लगाम घालणं मला तांत्रिकदृष्ट्या पटतं. न सांगता घालणं मुळीच पटत नाही.

याच्या उलट, दोष बॅटरीचा नसून अपडेटच जड पडलं, असंही घडलेलं आहे. जून २०१० चं आयओएस ४ दोन वर्षांपूर्वीच्या आयफोन ३जी ला झेपलं नाही. त्यात रॅम, म्हणजे चालू ॲप मावायची जागाच, मुळी १२८ एमबी! पण सप्टेंबरमध्ये ४.१ आलं आणि पुष्कळ सुधारणा झाली. २०१८ चं आयओएस १२ तर जुने फोन जलद करण्यासाठीच आखलं होतं, ते २०१३ च्या आयफोन ५एस वरही चाललं. टॅबमध्ये गूगलच्या नेक्सस ७ चं उदाहरण बोलकं आहे. २०१२ मध्ये तो अँड्रॉइड ४.१ घेऊन आला, रॅम १ जीबी. पुढे अँड्रॉइड ५ घेतल्यावर तो रखडतो म्हणून जगभरच्या लोकांनी तक्रारी केल्या.

तेव्हा ‘अपडेट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि माझं सगळं सांगणं या फरकावर उभं आहे. एक असतं सुरक्षेचं छोटं अपडेट. त्याला सिक्युरिटी पॅच म्हणतात, आकार बहुधा काहीशे एमबी. ते चोरवाटा बुजवतं. फोनवर नवं ओझं टाकत नाही. दुसरी असते मोठी आवृत्ती: अँड्रॉइड १३ वरून १४, आयपॅडओएस १६ वरून १७. ती एक-दोन जीबी किंवा त्याहून मोठी असते, नवी कामं आणते आणि जास्त रॅम मागते. छोटं अपडेट आलं की त्याच आठवड्यात घ्यायचं. मोठ्या आवृत्तीला, फोन तीन-चार वर्षांचा असेल तर, दोन-तीन महिने थांबायचं. तोवर पहिल्या-दुसऱ्या दुरुस्त्या येऊन जातात.

बाबा, आईने तुमच्या सूचनेचा जो फोटो पाठवला त्यात ‘सिक्युरिटी पॅच’ असं स्पष्ट लिहिलंय आणि आकार ३१० एमबी आहे. तुम्ही या फोनवरून यूपीआय करता, पेन्शनचं खातं बघता. हे अपडेट आज रात्रीच घ्या.

मग फोन रखडतो तो कशाने? ते त्याच्या लक्षणांवरून ओळखता येतं. यूपीआय ॲप उघडून ओटीपी बघायला तुम्ही मेसेजमध्ये गेलात, परत आलात आणि ॲप पहिल्यापासून सुरू झालं, तर तो रॅमचा तुटवडा. तुमच्या ४ जीबीतली बरीच रॅम सिस्टिमच वापरते. उरलेल्यात दोन जड ॲप मावली नाहीत की मागचं बंद केलं जातं. आणि ही ॲप दर आठवड्या-पंधरवड्याला प्ले स्टोअरमधून गुपचूप अपडेट होऊन जड होत जातात. तुम्ही सिस्टिमचं अपडेट वर्षभर रोखलंत तरी फोन हळू होणारच. आपल्या डोळ्यांसमोर होतं ते सिस्टिमचं अपडेट, म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो.

फोटो काढल्यावर तो साठवायला वेळ लागतो, टाइप करताना अक्षरं मागून उमटतात, ॲप इन्स्टॉल होता होता अडकतं, तर जागा भरलीय. फ्लॅश मेमरीचं (फोटो, ॲप साठवणाऱ्या चिपचं) काम पाटीसारखं समजा, पण या पाटीवर एकच अक्षर खोडून तिथे दुसरं लिहिता येत नाही. पुसायची तर अख्खी पाटी. म्हणून तिच्यावरचा कामाचा मजकूर आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायचा, मग ही पुसायची, मग नवं लिहायचं. कोऱ्या पाट्या भरपूर असल्या तर हे काम मागच्या मागे होऊन जातं. उरल्याच नाहीत, तर प्रत्येक फोटोच्या वेळी ही उठाठेव तुमच्यासमोर होते. तुमच्या ६४ जीबीच्या फोनमध्ये निदान १० जीबी रिकामे हवेत.

चार्जिंगला लावला की फोन चपळ आणि काढला की सुस्त, किंवा ४० टक्क्यांवरून एकदम १५, तर दोष बॅटरीचा. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर सव्वा-दीड वर्षात साधारण ५०० फेऱ्या होतात, आणि तेवढ्या फेऱ्यांनंतर पुष्कळ बॅटऱ्यांची क्षमता ८० टक्क्यांवर येते. आणि फक्त दुपारीच रखडत असेल तर तो अमरावतीचा मे महिना आहे. ॲपल आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगते; तुमच्याकडे कूलर बंद असला की खोलीच त्याच्या वर जाते. गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, जाड कव्हर काढून. उशीखाली तर नकोच.

आता जागा कशी करायची ते. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ आणि ‘लार्जर दॅन ५ एमबी’ असे दोन गठ्ठे दिसतील. सुप्रभातची चित्रं आणि कीर्तनाचे व्हिडिओ तिथेच साठलेत. ठेवायचे ते बाजूला काढा, बाकी पुसा. त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा, मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींवर. फोटोंच्या ॲपमध्ये पुसलेलं आणखी काही दिवस कचरापेटीत राहतं. ती रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ (काही फोनांत ‘क्लिअर स्टोरेज’) अशी बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिलं बिनधास्त दाबा. दुसऱ्याला हात लावू नका: यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागेल आणि व्हॉट्सॲपच्या गप्पा जातील. फोन जलद करून देतो म्हणणारी क्लीनर, बूस्टर ॲप काढून टाका. ती मागची ॲप मारतात, ती पुन्हा सुरू होतात आणि त्यात बॅटरी व रॅम दोन्ही जातात. कुणी ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ सुरू करून ॲनिमेशन कमी करायला सांगेल. ते करू नका, काही बँकांची ॲप तो पर्याय चालू दिसला की उघडतच नाहीत. ॲनिमेशन बंद करायची सोय ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्येही असते, तीच वापरा.

अपडेटच्या आधी बाबा, तुमच्या डायरीत तीन आकडे टिपा. फोन रीस्टार्ट करून पहिला पडदा यायला किती सेकंद, यूपीआय ॲप उघडून पिनचा पडदा यायला किती, कॅमेरा उघडायला किती. आईच्या फोनवरचं स्टॉपवॉच लावा. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. मग व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअप घ्या. तो गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जातो, तेव्हा तिथे जागा आहे का पाहा. चार्ज ५० टक्क्यांच्या वर, चार्जर लावलेला, घरचं वायफाय. सेटिंग्जमधल्या ‘सॉफ्टवेअर अपडेट’मधूनच सुरू करा आणि रीस्टार्ट होताना बटण दाबू नका. वीज गेली तरी चार्ज असल्यामुळे काम पुरं होईल.

नंतरचे दोन दिवस फोनबद्दल मत बनवू नका. मोठ्या आवृत्तीनंतर तर फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, कारण तो आतली ॲप नव्याने जुळवत असतो आणि फोटोंची सूची करत असतो. हे काम बरंचसं चार्जिंगला लावून पडून असताना होतं, म्हणून दोन्ही रात्री लावून ठेवा. मग एकदा रीस्टार्ट करा आणि तेच तीन आकडे पुन्हा मोजा.

आई, तुझा आयपॅड २०१८ चा, सहाव्या पिढीचा; २ जीबी रॅम, ३२ जीबी जागा. वेगाला लगाम घालायची ती भानगड फक्त आयफोनवर होती, आयपॅडवर कधीच नव्हती. तू १६ वर आहेस आणि तुझ्या आयपॅडला १७ ही शेवटची मोठी आवृत्ती. एरवी मी थांब म्हणाले असते, पण १७ आता मुरलेली आहे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या १७.७ च्या मालिकेत येत राहिल्या. म्हणून ती घे. एक लक्षात ठेव, १७ वर गेल्यावर १६ वर परत येता येत नाही. आधी ‘सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज’ उघड आणि ७-८ जीबी मोकळे कर. तेवढे होत नसतील तर लॅपटॉपला केबल लावून अपडेट कर, म्हणजे डाउनलोडचा भार लॅपटॉपवर जातो आणि आयपॅडला कमी जागा पुरते. नंतर ‘जनरल’मध्ये ‘बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश’ बंद आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘रिड्यूस मोशन’ चालू कर. अडकलाच तर खालचं गोल बटण आणि वरचं बटण एकत्र दाबून धर, सफरचंद दिसेपर्यंत.

एका गोष्टीची मला खरी काळजी आहे. अपडेट कधीही व्हॉट्सॲपवर, मेसेजमध्ये किंवा फोन करून येत नाही. ‘बँकेचं ॲप अपडेट करा’, ‘आरटीओचं चलान बघा’ असं म्हणून येणारी एपीके (दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी) फाइल म्हणजे तुमचे ओटीपी वाचणारा चोर. उघडू नका, मला पाठवा आणि पुसून टाका. चुकून उघडलीच तर आधी वायफाय आणि डेटा बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि मग मला. मी रागावणार नाही.

फोनची पाठ फुगलेली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर मात्र यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नको, सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.

रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल करते. बाबा, डायरी जवळ ठेवा, अपडेटआधीचे आणि नंतरचे तिन्ही आकडे मला वाचून दाखवा. कॅमेऱ्याचा आकडा दुप्पट झाला असेल तर आधी मोकळी जागा किती उरलीय ते बघू.

तुमची,
लेक